आठ-दहा दिवसांनी मंदावणारी व्हीएम: बंद-चालू करण्याआधी पेज टेबलं तपासा

लक्षणं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "सोमवारी चालू केली तेव्हा छान पळत होती, आता नुसती रखडतेय." लिनक्सचा होस्ट (खरं मशीन), त्यावर व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारे केव्हीएम आणि क्यूएमू, गेस्टला (व्हीएमच्या आतल्या सिस्टिमला) ३२ किंवा ६४ जीबी मेमरी, आत डेटाबेस नाहीतर जावाचं मोठं ॲप्लिकेशन. काम तेवढंच, वापरणारी माणसंही तेवढीच, तरी प्रत्येक गोष्टीला थोडा थोडा जास्त वेळ लागतो. मी हा बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता फोनवर पुढचे प्रश्न ठरलेले असतात.

गेस्टच्या आत टॉप ही प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड लावली तर सीपीयू जास्त खर्च होताना दिसतो, पण बोट ठेवावं अशी एकही प्रोसेस सापडत नाही, सगळंच जड झालेलं असतं. स्टील टाइम (होस्टने सीपीयू न दिल्यामुळे वाट पाहण्यात गेलेला वेळ) नगण्य असतो आणि डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ नेहमीइतकाच असतो. नेटवर्कवरही काही वावगं नसतं. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली की आजार जातो आणि काही दिवसांनी परत येतो. याचंच एक तीव्र रूप म्हणजे व्हीएम रात्रीत अचानक मरते आणि होस्टच्या कर्नल लॉगमध्ये सीग्रुपची (प्रोसेसच्या गटाला मर्यादा घालणाऱ्या व्यवस्थेची) मेमरी संपल्याची ओळ दिसते, होस्टवर भरपूर मेमरी मोकळी असूनसुद्धा.

डिस्कची वाट पाहण्याचा वेळ किंवा स्टील टाइम वाढलेला असेल तर दुखणं वेगळं आहे. तिथे पुढचं काही उपयोगी पडणार नाही.

लक्षणं जुळत असतील तर एक विनंती: व्हीएम लगेच बंद-चालू करू नका. त्याने त्रास थांबतो, पण पुरावाही पुसला जातो, आणि मग पुढचे आठ दिवस हातात काहीच उरत नाही. पंधरा मिनिटं काढा आणि आकडे टिपून ठेवा. फाइलींची आणि कमांडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टर्मिनलवर ती नेहमीसारखी टाइप करायची.

आत काय घडतं

हे समजल्याशिवाय पुढच्या तपासण्या नुसत्या मंत्रासारख्या होतील, म्हणून एवढं वाचाच.

गेस्टमधली प्रोसेस जो पत्ता वापरते तो गेस्टचं कर्नल आपल्या पेज टेबलातून (मेमरीच्या कोणत्या पानाचा खरा पत्ता कोणता, या नोंदींतून) गेस्टच्या "खऱ्या" मेमरीच्या पत्त्यात बदलतं. पण गेस्टला खरा वाटणारा तो पत्ता होस्टच्या दृष्टीने खरा नसतो. म्हणून प्रोसेसर दुसरं टेबल वापरतो. इंटेलवर त्याला ईपीटी म्हणतात, एएमडीवर एनपीटी. आणि तिसरं टेबल बहुतेक लोक विसरतात: गेस्टची सगळी मेमरी ही होस्टवरच्या क्यूएमू या साध्या प्रोसेसची मेमरी असते, आणि त्या प्रोसेसचं स्वतःचं पेज टेबल असतं. केव्हीएम ईपीटीतली नोंद भरताना याच तिसऱ्या टेबलाकडे बघतं. तिथे २ एमबीचं सलग पान असेल तरच ईपीटीत २ एमबीची नोंद होऊ शकते. होस्टच्या कर्नलने तिथे काही बदललं की एमएमयू नोटिफायर ही कर्नलमधली निरोप देणारी सोय केव्हीएमला कळवते आणि ईपीटीतली ती नोंद लगेच काढली जाते. गेस्टने पुन्हा तिथे हात लावला की नवी नोंद करावी लागते.

एक मोठं पान म्हणजे ४ केबीची ५१२ छोटी पानं. शेताचे वारसांमध्ये तुकडे पडले की प्रत्येक तुकड्याचा वेगळा सात-बारा निघतो, तसंच इथे होतं: एका नोंदीच्या जागी ५१२ नोंदी येतात. आणि शेतासारखंच इथेही तुकडे पाडणं सोपं असतं, पुन्हा एकत्र करणं किचकट.

त्याची किंमत मोजून बघा. गेस्टमध्ये आणि ईपीटीत दोन्हीकडे चार पातळ्यांची टेबलं आणि दोन्हीकडे छोटी पानं असतील, तर एक पत्ता शोधायला प्रोसेसरला वाईटात वाईट २४ वेळा मेमरी वाचावी लागते. फक्त होस्टच्या बाजूला २ एमबीची पानं असतील तर १९ वेळा. दोन्ही बाजूंना असतील तर १५ वेळा. हा शोध टाळण्यासाठी टीएलबी (प्रोसेसरमधला, आधी सापडलेल्या पत्त्यांचा साठा) असतो, पण तो लहान असतो. इंटेलच्या स्कायलेकमध्ये दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १,५३६ नोंदी आहेत. ४ केबीच्या पानांनी त्या ६ एमबी झाकतात, २ एमबीच्या पानांनी ३ जीबी. ६४ जीबीच्या डेटाबेसला हा फरक जाणवणारच. शोधात गेलेला हा वेळ कोणत्याही एका प्रोसेसच्या नावावर पडत नाही, म्हणून टॉपमध्ये कोणी दोषी दिसत नाही.

तेव्हा प्रश्न एवढाच असतो: सुरुवातीला मोठी असलेली पानं कोणी फोडली, आणि कोणत्या टेबलात?

पहिली तपासणी: कोणत्या रीस्टार्टने बरं वाटतं?

यात एक पैसाही खर्च होत नाही, फक्त आठवायचं असतं. मागच्या वेळी गेस्टच्या आतून रीबूट केलं होतं, की व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली होती? आतून रीबूट केल्यावर क्यूएमूची प्रोसेस तीच राहते, म्हणून तिचं पेज टेबल आणि त्यातले तुकडेही तसेच राहतात. ईपीटी मात्र या वेळी बहुधा रिकामी होऊन नव्याने भरते, आणि गेस्टची स्वतःची टेबलंही नव्याने तयार होतात.

म्हणजे आतल्या रीबूटनेही बरं वाटत असेल तर दोष गेस्टमध्ये किंवा ईपीटीत शोधा. पूर्ण बंद-चालू केल्याशिवाय फरक पडत नसेल तर क्यूएमूच्या प्रोसेसची पानं होस्टवर फुटली आहेत. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या प्रकारच्या होत्या.

दुसरी: स्वॅप

व्हीएमस्टॅट दर सेकंदाला चालवा आणि एसआय, एसओ हे दोन रकाने मिनिटभर बघा. शून्याशिवाय काही दिसत असेल तर होस्ट गेस्टची पानं डिस्कवर टाकतो आहे. असं पान बाहेर जाताना ईपीटीतली नोंदही जाते, आणि मोठी पानं बाहेर जाताना फुटूही शकतात. इथे उपाय एकच, व्हीएमना कबूल केलेली मेमरी कमी करा. ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण स्वॅप चालू असताना बाकीच्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

तिसरी: ईपीटी चालू तरी आहे ना?

केव्हीएम-इंटेल मॉड्यूलच्या पॅरामीटर्समध्ये ईपीटी, एएमडी असेल तर केव्हीएम-एएमडीमध्ये एनपीटी. तिथे "वाय" हवं. केव्हीएम २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्स २.६.२० मधून आलं तेव्हा ते शॅडो पेज टेबलांवर (होस्टने स्वतः सांभाळलेल्या जोड-टेबलांवर) चालत होतं, आणि ती व्यवस्था आजही कर्नलमध्ये आहे. कोणी कधीतरी चाचणीसाठी ईपीटी बंद करून मॉडप्रोबच्या (मॉड्यूलच्या सेटिंगच्या) फाइलीत ओळ ठेवून दिली असेल तर गेस्टच्या पेज टेबलातला जवळपास प्रत्येक बदल होस्टला स्वतः हाताळावा लागतो. हे क्वचितच सापडतं, पण बघायला दहा सेकंद लागतात.

चौथी: मेमइन्फोचे तीन आकडे, आणि त्यातला फसवा आकडा

इथे थोडं थांबू, कारण याच आकड्यांनी मला सर्वांत जास्त चकवलं आहे.

होस्टच्या मेमइन्फो या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फाइलीत पेजटेबल्स, सेकपेजटेबल्स आणि ॲनॉनह्यूजपेजेस या ओळी बघा. पेजटेबल्स म्हणजे होस्टवरच्या सगळ्या प्रोसेसची पेज टेबलं. सेकपेजटेबल्स म्हणजे मुख्यतः केव्हीएमची दुसऱ्या पातळीची टेबलं, हा आकडा लिनक्स ६.१ पासून दिसतो. ॲनॉनह्यूजपेजेस म्हणजे कर्नलने आपण होऊन जुळवलेली मोठी पानं.

गणित सोपं आहे. ६४ जीबी म्हणजे ४ केबीची १,६७,७७,२१६ पानं. प्रत्येक नोंद ८ बाइटची, म्हणून शेवटच्या पातळीची टेबलं १२८ एमबी होतात. २ एमबीची पानं असतील तर ३२,७६८ नोंदी, म्हणजे फक्त २५६ केबी. तेव्हा पानं फुटली की पेजटेबल्स हा आकडा उडी मारेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पहिल्या व्हीएमवर मी आठवडाभर तोच आकडा लिहून ठेवत होतो, तो जागचा हलला नाही, आणि पानं शाबूत आहेत असा निष्कर्ष काढून मी दुसरीकडेच शोधत बसलो.

कारण असं: ट्रान्सपरंट ह्यूज पेज (हेच आपण होऊन जुळवलेलं मोठं पान) देताना कर्नल त्या प्रत्येक मोठ्या पानासोबत एक रिकामं पेज टेबल राखून ठेवतं. उद्या पान फोडावं लागलं तर त्या क्षणी मेमरी मागायची वेळ येऊ नये, म्हणून. आणि राखून ठेवलेलं हे टेबलही हिशेबात धरलं जातं. त्यामुळे ६४ जीबीच्या क्यूएमूच्या स्टेटस फाइलीतला व्हीएमपीटीई (त्या प्रोसेसच्या पेज टेबलांची मेमरी) हा आकडा पानं मोठी असोत की फुटलेली असोत, १२८ एमबीच्या आसपासच राहतो. पानं फुटली का हे त्यावरून कळत नाही.

खरं बोलतात ते दुसरे दोन आकडे. सेकपेजटेबल्स निरोगी असताना थोडक्या एमबीत असतो आणि पानं फुटली की प्रत्येक ६४ जीबीमागे १२८ एमबीकडे सरकतो. आणि क्यूएमूच्या प्रोसेसची स्मॅप्स-रोलअप ही फाइल उघडून ॲनॉनह्यूजपेजेसची ओळ आरएसएसच्या (प्रोसेसने प्रत्यक्ष व्यापलेल्या मेमरीच्या) शेजारी ठेवा. आरएसएस ६४ जीबी आणि ॲनॉनह्यूजपेजेस ६० जीबी असेल तर होस्टची बाजू ठीक आहे. तोच आकडा ९ जीबी असेल तर पानं होस्टवर फुटली आहेत.

रात्रीत मरणाऱ्या व्हीएमचं उत्तरही याच गणितात आहे. क्यूएमूची पेज टेबलं आणि ईपीटी दोन्ही त्या व्हीएमच्या सीग्रुपच्या नावावर चढतात. सीग्रुपची मर्यादा गेस्टच्या मेमरीइतकीच नेमकी ठेवली असेल, तर सुरुवातीला सगळं मावतं, आणि ईपीटीतली पानं फुटत गेली की शंभर-सव्वाशे एमबीची भर पडून मर्यादा ओलांडली जाते. क्यूएमूच्या स्वतःच्या गरजा वेगळ्याच. मी अशी मर्यादा शक्यतो लावतच नाही. लावायची असेल तर ऐसपैस ठेवा.

पाचवी: पानं फोडतो कोण?

आधी ट्रान्सपरंट ह्यूजपेजच्या फोल्डरमधली इनेबल्ड फाइल बघा. "ऑलवेज" किंवा "एमॲडव्हाइज" दोन्ही चालतं, कारण क्यूएमू गेस्टच्या मेमरीसाठी मोठी पानं स्वतःच मागतं. "नेव्हर" असेल तर कारण सापडलंच. डेटाबेस बसवण्याच्या सूचनांमध्ये ही गोष्ट बंद करायला सांगितलेली असते, आणि ती सूचना गेस्टसाठी असताना कोणीतरी होस्टवर पाळलेली असते. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. पण असं असेल तर व्हीएम पहिल्या दिवसापासूनच मंद असते. आठ दिवसांनी मंदावणाऱ्या व्हीएमचा गुन्हेगार पुढच्या मंडळींत असतो.

माझा पहिला संशय नेहमी केएसएमवर. लिनक्स २.६.३२ पासून असलेली ही सोय वेगवेगळ्या व्हीएममधली एकसारखी पानं शोधून एकच प्रत ठेवते आणि मेमरी वाचवते. पण ती ४ केबीच्या पानांवर काम करते, म्हणून एक छोटं पान जुळवण्यासाठी आख्खं मोठं पान फोडते. "आठ-दहा दिवसांनी" का, याचा उलगडाही इथेच होतो: केएसएमट्यून्ड नावाची सेवा चालू असेल तर तिच्या मूळ सेटिंगप्रमाणे मोकळी मेमरी साधारण २० टक्क्यांखाली गेली की ती केएसएम जागं करते. होस्ट भरत जातो, एके दिवशी ती रेषा ओलांडली जाते, आणि त्याच दिवसापासून तक्रारी सुरू होतात. केएसएमच्या फोल्डरमधली पेजेस-शेअरिंग ही फाइल बघा. तिथे मोठा आकडा असेल आणि मेमरीची फार ओढ नसेल तर केएसएम बंद करा. रन फाइलीत ० लिहिलं तर नवी जुळवणी थांबते पण जुनी तशीच राहते. २ लिहिलं तर जुळवलेली पानं पुन्हा वेगळी होतात, आणि त्यासाठी तेवढी मेमरी मोकळी लागते. मोकळी मेमरी न बघता २ लिहू नका.

केएसएम बंद केल्यावर लगेच फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. फुटलेली पानं पुन्हा जुळवण्याचं काम केह्यूजपेजड करतं, आणि ते मुद्दाम सावकाश चालतं. मूळ सेटिंगमध्ये दर १० सेकंदांनी ४,०९६ पानं, म्हणजे १६ एमबी. या चालीने ६४ जीबीची एक फेरी पूर्ण व्हायला अकरा तासांहून जास्त लागतात. रात्री बंद करा, सकाळी ॲनॉनह्यूजपेजेस वाढलेला दिसतो का बघा.

दुसरा संशय बलूनवर, म्हणजे चालू गेस्टची मेमरी कमी-जास्त करणाऱ्या ड्रायव्हरवर. गेस्टकडून मेमरी परत घेताना बलून छोटी छोटी पानं सोडतो आणि मोठ्या पानांना भोकं पडतात. डेटाबेसच्या व्हीएमवर बलून कमी-जास्त करणं मी टाळतो. आणि परत घेतलेल्या मेमरीसोबत तिची पेज टेबलंही मोकळी होतील ही अपेक्षा ठेवू नका. रिकामी झालेली टेबलं जुनी कर्नलं प्रोसेस संपेपर्यंत धरून ठेवतात.

तिसरं म्हणजे लाइव्ह मायग्रेशन, चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं. कोणती पानं बदलली हे टिपण्यासाठी केव्हीएम ईपीटीतल्या मोठ्या नोंदी फोडतं. मायग्रेशन संपलं किंवा रद्द झालं की त्या पुन्हा मोठ्या होऊ शकतात, कारण होस्टची पानं शाबूत असतात. पोस्टकॉपी पद्धतीने (आधी व्हीएम, मागाहून मेमरी) आलेल्या व्हीएमचं तसं नसतं. तिथे पानं नव्या होस्टवर ४ केबीच्या तुकड्यांनीच येऊन बसतात आणि पुढची सगळी भिस्त केह्यूजपेजडच्या सावकाश फेरीवर असते. रोजच्या डिस्क बॅकअपचा मात्र याच्याशी संबंध नाही. तिथे डिस्कच्या ब्लॉकची नोंद ठेवली जाते, मेमरीच्या पानांची नाही. बॅकअपच्या वेळेवर संशय घेऊन लोक उगाच दिवस घालवतात.

नूमा बॅलन्सिंग (मेमरी ती वापरणाऱ्या प्रोसेसरजवळच्या गटात, म्हणजे नोडमध्ये, हलवण्याची सोय) पानं फोडण्यापेक्षा वेगळा त्रास देतं. पान कोणत्या नोडवर असावं हे ठरवण्यासाठी कर्नल ठरावीक काळाने नोंदी बंद करून बघतं, आणि प्रत्येक वेळी एमएमयू नोटिफायरमार्फत ईपीटीतल्या नोंदीही जातात. व्हीसीपीयू (गेस्टचे सीपीयू) आणि मेमरी तुम्ही स्वतः एका नोडला बांधली असेल तर याची गरज उरत नाही, कर्नल डॉट नूमा-बॅलन्सिंग शून्य करा. बांधली नसेल तर राहू द्या, त्याचा फायदाही असतो.

सहावी: मोठं पान द्यायला जागा आहे का?

फोडणारा कोणीच सापडला नाही, तर जोडायलाच जागा नसेल. बडीइन्फो फाइल उघडा. प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे वाढत्या आकाराचे मोकळे तुकडे दिलेले असतात, आणि दहावा रकाना २ एमबीच्या तुकड्यांचा. नॉर्मल झोनच्या ओळीत पहिल्या रकान्यांत लाखांचे आकडे आणि शेवटच्या दोन रकान्यांत शून्य, असं चित्र दिसलं की मेमरी मोकळी असूनही सलग नाही. व्हीएमस्टॅट फाइलीतला टीएचपी-फॉल्ट-फॉलबॅक वाढत असेल तर त्याला दुजोराच मिळतो.

कॉम्पॅक्ट-मेमरीमध्ये १ लिहून कर्नलला आवराआवर करायला सांगता येतं. हे रात्रीच करा, कारण त्या वेळात व्हीएम अडखळतात. काही लोक ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ लिहून मोकळे होतात. त्याने कॅश जाते, पण फुटलेली पानं जुळत नाहीत, आणि पुढचा तासभर डिस्क दमते.

एखादं कार्ड थेट गेस्टला दिलेली व्हीएम असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. असं कार्ड देणारी व्हीएफआयओ ही व्यवस्था गेस्टची सगळी मेमरी सुरुवातीलाच घेऊन जागेवर खिळवून ठेवते. खिळवलेली पानं केह्यूजपेजडला हलवता येत नाहीत. म्हणून अशी व्हीएम तुकडे पडलेल्या होस्टवर सुरू झाली तर बंद होईपर्यंत छोट्या पानांवरच राहते. होस्ट रीबूट झाल्यावर सर्वांत आधी तीच चालू करा.

सातवी: ईपीटीतच नोंदी फुटल्या असतील तर

स्मॅप्स-रोलअप चांगलं दिसतं, तरी सेकपेजटेबल्स फुगलेला आहे. मग डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधल्या) केव्हीएमच्या फोल्डरमध्ये जा. पेजेस-४के आणि पेजेस-२एम या आकड्यांवरून ईपीटीतल्या नोंदींचं प्रमाण सरळ दिसतं, जुन्या कर्नलमध्ये फक्त लार्जपेजेस असतो. शेजारीच एनएक्स-एलपेज-स्प्लिट्स आहे. तो मोठा असेल तर कारण नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या आयटीएलबी मल्टीहिट या इंटेलच्या दोषाच्या उपायात आहे. त्या दोषामुळे गेस्ट संपूर्ण होस्ट लटकवू शकतो. म्हणून केव्हीएम मोठी पानं "इथला कोड चालवायचा नाही" अशा खुणेसह देतं, आणि गेस्टने तिथला कोड चालवला की तेवढं पान ४ केबीत फोडतं. एक वेगळा थ्रेड तासाभराच्या चक्राने ही पानं पुन्हा मोठी करू पाहतो. चालता चालता कोड तयार करणारी मोठी जावा ॲप्लिकेशन्स यात सापडतात.

हा उपाय बंद करण्याची सोय आहे. गेस्टमध्ये तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाचाही कोड चालत असेल तर ती वापरू नका. आधी होस्टचा प्रोसेसर बाधित आहे का ते व्हल्नरेबिलिटीज फोल्डरमधल्या आयटीएलबी-मल्टीहिट फाइलीत बघा. एएमडी आणि नवे इंटेल प्रोसेसर बाधित नाहीत, तिथे हा खर्च मुळातच नसतो.

आठवी: गेस्टच्या आत

आतल्या रीबूटने बरं वाटत असेल तर गेस्टचा मेमइन्फो उघडा. इथे पेजटेबल्स हा आकडा खरंच उपयोगी पडतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण घ्या. शेअर्ड बफर १६ जीबी. प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस, आणि मेमरी सामाईक असली तरी प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल स्वतंत्र. सगळा बफर हाताळणाऱ्या एका प्रोसेसला ३२ एमबीची टेबलं लागतात. अशी २०० कनेक्शन्स दिवसेंदिवस उघडी राहिली तर ६ जीबीहून जास्त मेमरी नुसत्या पेज टेबलांत जाते. ॲप्लिकेशनचा कनेक्शन पूल जितका जुना, तितकी ही टेबलं भरलेली. एका व्हीएमवर मी हे तासातासाला वाढताना पाहिलं. पूल रीस्टार्ट केला आणि आकडा क्षणात कोसळला. गेस्टमध्ये ह्यूज पेजेस राखून ठेवणं आणि डेटाबेसला तीच वापरायला सांगणं, हा त्यावरचा पक्का उपाय. कनेक्शन्स कमी ठेवली तर आणखी चांगलं.

नववी: मेमरी आधीच राखून ठेवणं

वरचं सगळं करूनही दुखणं परत येत असेल तर होस्टवर ह्यूजटीएलबीची (आधीच बाजूला काढलेली मोठी) पानं राखून ठेवा. यात खर्च आहे, म्हणून हे शेवटी. राखलेली मेमरी दुसऱ्या कोणालाही मिळत नाही. ती स्वॅप होत नाही, केएसएम तिला हात लावत नाही, बलूनचाही उपयोग उरत नाही. आणि ट्रान्सपरंट पानांसारखी रिकामी टेबलं इथे राखली जात नाहीत, म्हणून पेजटेबल्सचा आकडाही खरोखर उतरतो.

संख्या बूटच्या वेळीच कर्नलच्या ओळीत द्या. ६४ जीबीसाठी २ एमबीची ३२,७६८ पानं. चालू होस्टवर मागितली तर सलग जागा मिळेल तेवढीच मिळतात. मागितली किती आणि मिळाली किती, हे मेमइन्फोच्या ह्यूजपेजेस-टोटलमध्ये तपासा. मग व्हीएमची सेटिंग्ज ठेवणाऱ्या लिबव्हर्टच्या मेमरी-बॅकिंगमध्ये ह्यूजपेजेसची ओळ घाला आणि व्हीएम पूर्ण बंद-चालू करा. होस्टच्या स्वतःच्या कामासाठी पुरेशी साधी मेमरी सोडायला विसरू नका. नाहीतर मेमरी "मोकळी" दिसत असताना होस्टच गुदमरेल.

कुठे थांबायचं

मशीन चेक किंवा ईडॅकच्या (हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या) चुका लॉगमध्ये दिसल्या तर तो मेमरीच्या पट्टीचा किंवा प्रोसेसरचा प्रश्न आहे. व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवा आणि हार्डवेअर ज्यांनी पुरवलं त्यांना बोलवा.

"बॅड पेज मॅप", "बॅड पेज स्टेट" किंवा ईपीटी मिसकॉन्फिगरेशन अशा ओळी आल्या तर पेज टेबलं बिघडली आहेत. तिथे एकही सेटिंग बदलू नका. अशा अवस्थेत होस्ट चालत राहिला तर चुकीचा डेटा डिस्कवर जाऊ शकतो.

होस्टवरच्या सगळ्या व्हीएम बंद केल्या तरी सेकपेजटेबल्स खाली येत नसेल, तर ही कर्नलमधली गळती असण्याची शक्यता मोठी आहे. ती सेटिंगने जाणार नाही. सॉफ्ट लॉकअपच्या लॉगमध्ये केव्हीएमच्या एमएमयूची फंक्शन्स पुन्हा पुन्हा दिसत असतील तरी तेच. आणि व्हीएमच्या आत व्हीएम चालवत असाल तर मधल्या पातळीची ईपीटी बाहेरच्या होस्टला शॅडो करावी लागते. तो होस्ट तुमचा नसेल तर तुमच्या हातात फारसं काही नाही, तो ज्यांचा आहे त्यांच्याकडे तक्रार नोंदवा.

मदत मागण्याआधी एवढं गोळा करा: कर्नलची नेमकी आवृत्ती, प्रोसेसरचं मॉडेल, संपूर्ण डीमेसेज (कर्नलचा लॉग), मेमइन्फो आणि बडीइन्फो, क्यूएमूची स्मॅप्स-रोलअप, डीबगएफएसमधले केव्हीएमचे आकडे, आणि परफ केव्हीएम स्टॅटची मिनिटभराची नोंद. यातली प्रत्येक गोष्ट दोनदा घ्या, एकदा व्हीएम मंद असताना आणि एकदा ताजी चालू केल्यावर. डिस्ट्रोच्या सपोर्टकडे किंवा कर्नलवर काम करणाऱ्या माणसाकडे हे दोन संच शेजारी ठेवून पाठवा. नुसतं "व्हीएम स्लो आहे" असं पाठवलं तर पहिले दोन दिवस हेच सगळं मागण्यात जातात, आणि तोपर्यंत कोणीतरी व्हीएम बंद-चालू केलेली असते.